ओळख नसलेल्यांची हिंगोली

हिंगोलीत रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर पलटण, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा अशी नावं तोंडात येतात. ही सगळी नावं छावणीची. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी हैदराबाद कंटिंजंट ही फौज एकोणिसाव्या शतकात इथे तळ ठोकून होती. १९०३ मध्ये ती हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणी मोडली. घोडी गेली, तोफा गेल्या. वस्त्या राहिल्या आणि त्यांत माणसंही राहिली. दूरदूरच्या मुलखातून नोकरीसाठी आलेली, पेन्शन बसल्यावर इथेच घर बांधलेली. आजच्या भाषेत बोलायचं तर या वस्त्या म्हणजे त्या काळची उपनगरंच. त्या घरांतल्या नातवंडा-पतवंडांना आज कुणी विचारत नाही, की तुमचं मूळ गाव कोणतं.

हिंगोलीचा दसराही असाच. खाकीबाबा मठाच्या मानदास बाबांनी १८५५ मध्ये तो सुरू केला, छावणीतल्या उत्तरेकडच्या शिपायांबरोबर रामलीला इथे आली, असं सांगितलं जातं. आज दसऱ्याच्या दिवसांत रामलीला मैदानावर औंढा, सेनगाव, कळमनुरीकडून जी गर्दी लोटते, तिला हा सण कुणा परक्यांचा आहे असं स्वप्नातही वाटत नाही. बाहेरून आलेल्यांनी सुरू केलेला उत्सव या शहराची ओळख होऊन बसला.

ज्या गावाने इतक्यांना सामावून घेतलं, त्याच गावाच्या कडेला गेल्या पंचवीस वर्षांत वसलेल्या नव्या नगरांमध्ये मात्र वेगळंच वाक्य ऐकू येतं. "आम्ही हिंगोलीला राहतो, पण हिंगोलीचे नाही." घर स्वतःचं, मुलं इथल्या शाळेत, मतदान इथलं, तरी हे वाक्य. कारण विचारलं की माणसं घराबद्दल किंवा शेजाऱ्यांबद्दल तक्रार करत नाहीत. ती एखाद्या खिडकीची, काउंटरची, टेबलाची गोष्ट सांगू लागतात. कुणी कसं बोललं, कुणी मान वर करून पाहिलंच नाही, कुणी सगळ्यांदेखत हाकलून लावलं. या गोष्टी ऐकता ऐकता माझी खात्री होत गेली, की परक्या गावात घर बांधून माणूस तिथला होत नाही. त्या गावातल्या अनोळखी माणसांनी त्याच्याशी नीट बोलायला लागतं.

नगरं वाढली, पत्ते अडकले

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके. तोवर जिल्ह्याच्या ठिकाणचं काम म्हणजे परभणी. दिवस मोडायचा, भाडं लागायचं, काम झालं तर नशीब. नवा जिल्हा झाला तशी जिल्हाधिकारी कार्यालय आलं, जिल्हा परिषद आली, पाठोपाठ वेगवेगळ्या खात्यांची कार्यालयं आली. शिक्षक, नर्स, पोलीस, कारकून, कृषी सहायक यांची बिऱ्हाडं आली. त्यांच्या मागून खेड्यातले शेतकरी आले. चार-सहा एकर शेती गावाकडे, पण लेकरांच्या शाळेसाठी हिंगोलीत एक प्लॉट. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती, त्यात शहरी वस्ती जेमतेम १५ टक्के. हिंगोली शहर ८५ हजारांचं. म्हणजे इथल्या नव्या नगरात राहणारा बहुतेक माणूस आपल्या घराण्यातला पहिला शहरवासी आहे.

हे प्लॉट पडले ते शहराच्या कडेला. शहराला अगदी लागून असलेल्या बळसोंडसारख्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत नगरांमागून नगरं उभी राहिली. पत्त्यावर हिंगोली, कर भरायचा ग्रामपंचायतीत. नळ, नाली, पथदिवा, कचऱ्याची गाडी यांसाठी कुणाकडे जायचं, हे इथे राहायला आल्यावर कळतं, आणि तेही टोलवाटोलवीतून. नगरपरिषद म्हणते, तुम्ही आमच्या हद्दीत नाही. ग्रामपंचायत म्हणते, एवढ्या वस्तीला पुरेल इतका निधी नाही. लेआउट पाडणारा प्लॉट विकून केव्हाच मोकळा झालेला. जिल्हा होऊन पाव शतक उलटलं तरी परभणीशी असलेल्या काही गाठी सुटलेल्या नाहीत. हिंगोलीचं एसटी आगार परभणी विभागात आहे आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकही परभणीचीच.

आमच्या घराची नोंद लावायची होती तेव्हाचं सांगतो. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कार्यालयाचा नाही. टेबलामागचा माणूस मान वर न करता "साहेब नाहीत" एवढंच म्हणायचा. साहेब कधी येतील, कागद कोणता कमी आहे, अर्ज कुणाकडे ठेवायचा, याचं उत्तर नाही. पुढे एका परिचिताने फोन केला. त्यानंतर गेलो तेव्हा खुर्ची पुढे आली, चहा आला, "सर, आधी सांगायचं ना" असंही ऐकायला मिळालं. कागद तेच होते, साहेब तेच होते. माझ्यामागे एक धोतर नेसलेले गृहस्थ हातात पिशवी घेऊन उभे होते. ते उभेच राहिले. त्यांच्यासाठी फोन करणारं कुणी नव्हतं.

या गावात तुसडेपणाचा मार कुणावर पडतो, ते त्या टेबलाशी स्पष्ट दिसतं. ज्याची ओळख नाही त्याच्यावर. आणि नव्या नगरात राहणाऱ्या माणसाची सगळ्यात मोठी उणीव तीच असते. त्याचे मामा, चुलते, वर्गमित्र, सोयरे सगळे दुसऱ्या गावी असतात.

"उद्या ये"

ऑगस्ट २०२४. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते खात्यात पडू लागले होते. दरमहा १५०० रुपये, आणि ते आधारला जोडलेल्या खात्यातच. मराठवाड्यातल्या बँकांसमोर बायांच्या रांगा लागल्या. अशाच एका शाखेत रांगेतल्या साठीच्या बाईंना एवढंच विचारायचं होतं, की खात्याला आधार जोडलेला आहे की नाही. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, पिशवी पदराच्या गाठीत. काउंटरवरच्या तरुणाने पासबुक हातातही घेतलं नाही. "सर्व्हर डाऊन आहे. उद्या ये."

"लेकरा, उद्या यायचं म्हनलं तं आनखी एक रोज बुडते," बाई म्हणाल्या. रोज म्हणजे दिवसाची मजुरी. सोयाबीनच्या खुरपणीचे दिवस.

"मग मी काय करू? हो बाजूला."

त्यांच्यामागे इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ होते. त्यांना तोच तरुण म्हणाला, "साहेब, सर्व्हर सकाळपासून गेलाय. दोननंतर येईल म्हणतात. तुम्ही बसा नाहीतर अडीचला या."

सर्व्हर त्यांच्यासाठीही चालू झाला नाही. काम दोघांचंही झालं नाही. फरक पडला तो इतकाच, की एकाला कारण कळलं, वेळ कळली आणि बसायला जागा मिळाली. बाईंना यातलं काहीच मिळालं नाही. अडीचला या, असं त्यांना सांगितलं असतं तर त्यांची दुसऱ्या दिवसाची मजुरी वाचली असती. उद्धटपणाला आपण स्वभावाचा दोष म्हणून सोडून देतो. पण हातावर पोट असलेल्या माणसाच्या खिशातून तो रोख पैसे काढून घेतो.

त्यातही एकेरी. मायच्या वयाच्या बाईला "ये" आणि "हो बाजूला", बापाच्या वयाच्या शेतकऱ्याला "ए बाबा". आपल्या घरात, गल्लीत, शिवारात हीच माणसं थोरल्यांना अहोजाहो करतात, अनोळखी बाईला मावशी, काकू, माय म्हणतात. सौजन्य त्यांना कुणी शिकवायला नको. काउंटरच्या काचेमागे बसल्यावर ते समोरच्याच्या कपड्यांकडे पाहून वाटलं जातं.

जुनी माणसं अशा वेळी हैदराबाद बँकेची आठवण काढतात. १९४१ साली निजामाच्या राज्यात स्थापन झालेली, पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झालेली ही बँक मराठवाड्यात घरोघरी माहीत होती. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. त्या बँकेत सगळे गोडच बोलत, असं म्हणणारा मला कुणी भेटला नाही. पण तिथला कारकून रागावला तरी आपल्या बोलीत रागवायचा आणि मग काम समजावून सांगायचा, असं सांगणारे पुष्कळ भेटले.

मोंढ्यातला आवाज

मोठ्याने बोलणं म्हणजे उद्धटपणा, असं ज्याला वाटतं त्याने हळदीच्या हंगामात हिंगोलीच्या संत नामदेव मार्केटमध्ये जावं. हिंगोली आणि वसमत ही हळदीची मोठी बाजारपेठ. शेजारच्या जिल्ह्यांतूनही इथे माल येतो. गाड्यांच्या रांगा, हवेत पिवळी धूळ, हमालांच्या आरोळ्या. कांडी वेगळी, गट्टू वेगळा. बीट सुरू झालं की व्यापारी, आडते, शेतकरी एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकत जातात. व्यापारी कांडी मोडून आतला रंग बघतो, बोली चढत जाते. "सरका की मामा", "हात काढा तिथून", "काट्याकडे कोन हाय रे!" कुणाचा आवाज खाली नसतो.

तरीही इथे शेतकरी अपमान होऊन परत निघालाय, असं सहसा दिसत नाही. कारण बोली सगळ्यांदेखत होते. कुणाच्या ढिगाला काय भाव लागला ते शेजारच्याला ऐकू येतं. वजन काट्यावर डोळ्यांसमोर होतं, हातात पट्टी पडते, तिच्यावर भाव, वजन, हमाली, तोलाई लिहिलेली असते. समोरचा रागात बोलला तरी काय चाललंय हे शेतकऱ्याला कळतं.

मोंढ्याचं गुणगान करून थांबणं मात्र खरं होणार नाही. आडत्याच्या दुकानात गादीवर बसवून चहा मिळतो तो वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाला. आडत्याकडून उचल घेतलेली असते, माल दुसरीकडे न्यायची सोय नसते, त्या बांधिलकीत आपुलकीही असते आणि दडपणही. पन्नास कट्टे आणणाऱ्याला जे पाणी विचारलं जातं ते तीन कट्टे आणणाऱ्याला विचारलं जात नाही. मोंढ्याकडून घ्यायचं ते उघड व्यवहार. चहा आलाच पाहिजे असं नाही. भाव आणि वजन सगळ्यांना दिसलं पाहिजे.

काचेच्या पलीकडची परकी माणसं

काउंटरमागच्या माणसाची बाजू ऐकल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. हिंगोलीवरून जाणारा पूर्णा-अकोला रेल्वेमार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. नांदेडकडून, परभणीकडून रोज अप-डाऊन करणारे कर्मचारी कुणाला विचारलं तरी दाखवता येतील. मुलांच्या शाळा नांदेडला, जोडीदाराची नोकरी नांदेडला, मन नांदेडला. सकाळी उशिरा येणारी आणि संध्याकाळी गाडीच्या वेळेकडे डोळे लावलेली नोकरी. बँकांत तर आंध्र, बिहार, ओडिशातून आलेली पोरं. पहिलीच नेमणूक, मराठी येत नाही, हळद-सोयाबीनच्या भागातली बोली तर ऐकलेलीही नाही. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने सरकारी अधिकाऱ्याचा एका जागेवरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा धरला आहे. त्यात रिकाम्या जागा. एका माणसाकडे दोन टेबलं. "दिवसाला दोनशे माणसं तोच प्रश्न विचारतात, शेवटच्याशी गोड कसं बोलू?" एका कर्मचाऱ्याने मला विचारलं. प्रश्न खरा होता.

म्हणजे काचेच्या दोन्ही बाजूंना परकीच माणसं. एक गाव सोडून आलेला, दुसरा बदलीच्या आदेशाची वाट बघणारा. दोघांपैकी कुणालाच हे गाव आपलं वाटत नाही, आणि ज्या गावात उद्या राहायचं नाही तिथल्या माणसाशी कसं वागलो याची लाज कुणाला वाटत नाही.

आणि हाच कर्मचारी संध्याकाळी खोली शोधायला नव्या नगरात येतो, तेव्हा पारडं फिरतं. घरमालक नाव विचारतो. नाव सांगितलं की आडनाव विचारतो. आडनावावरून अंदाज आला नाही की "गाव कोणतं, कोणत्या समाजाचे" असं विचारतो, आणि मग सकाळपर्यंत रिकामी असलेली खोली अचानक "पाहुण्याला दिली" होते. शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन नोकरीला लागलेल्या किती दलित आणि मुस्लिम तरुणांनी हा अनुभव घेतला आहे, ते त्यांच्याजवळ बसून विचारावं. बँकेतल्या काउंटरवर आपल्याला माणूस म्हणून वागवावं, असं म्हणणाऱ्या आपल्या नगरांनी स्वतःच्या फाटकाशी काय चालतं, तेही बघायला हवं. तिथेही प्रश्न ओळखीचाच आहे. अनोळखी माणसाला आधी माणूस समजायचं की आधी त्याची जात?

हातात असलेला कायदा

अपमान सोसून घरी येणाऱ्या माणसाला वाटतं, याला इलाज नाही. इलाज आहेत, आणि ते माहीत असले पाहिजेत.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. अधिसूचित सेवा किती दिवसांत मिळेल, ती देणारा अधिकारी कोण, अपील कुणाकडे, हे कार्यालयाने फलकावर लावलंच पाहिजे. अर्जाची पोच मिळाली पाहिजे. नाकारायचं तर कारण लेखी द्यायला हवं. मुदतीत काम झालं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, त्यानंतर सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. बदल्यांच्या ज्या कायद्याचा उल्लेख वर केला, त्यातच एक कलम असंही आहे, की साधारणपणे कोणतीही फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये ग्राहक हक्कांची सनद काढली. तिच्यातला पहिलाच हक्क न्याय्य वागणुकीचा आहे. शाखेतले फलक मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असावेत, अशा सूचना आहेत. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत फुकट दाद मागता येते; १४४४८ हा त्यासाठीचा क्रमांक.

ग्राहक संरक्षणाचा कायदा पहिल्यांदा १९८६ मध्ये झाला, नवा २०१९ चा. त्याच्या बऱ्याच आधी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली होती. ग्राहकाला संघटना असू शकते, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. कायद्यातली सेवेतल्या त्रुटीची व्याख्या केवळ दर्जापुरती नाही, सेवा कशा रीतीने दिली तेही तिच्यात येतं. १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घरकुलाच्या व्यवहारात सरकारी प्राधिकरणही ग्राहक कायद्याला बांधील आहे. ताबा न मिळालेल्या त्या माणसाला मानसिक छळाबद्दल भरपाई मिळाली, आणि ती जनतेच्या पैशातून न भरता जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याची व्यवस्था करायला न्यायालयाने लावलं. सामान्य माणसाला हेलपाटे घालायला लावण्याची किंमत हेलपाटे घालायला लावणाऱ्याने भरावी, हे त्या निकालाचं सार.

मग हे कायदे वापरले का जात नाहीत? कारण तक्रार करणाऱ्याला त्याच खिडकीवर पुन्हा जायचं असतं. एकट्या माणसाला ते परवडत नाही. ज्याची ओळख आहे त्याला कायद्याची गरज पडत नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला सूड उगवला जाण्याची भीती असते. यावर उपाय एकच दिसतो: तक्रार एकट्याने करू नये. प्रत्येक नगरात गणेश मंडळ आहे, महिला बचत गट आहेत, मंदिराची समिती आहे. वर्गणीसाठी एकत्र येणारी ही माणसं पाच जणांच्या सह्यांचा एक अर्ज घेऊन गेली, पोच मागितली, फलक कुठे आहे विचारलं, तर समोरचा माणूस बसल्या जागी सावरून बसतो. सेवा हक्काचा अर्ज कसा भरायचा, हे दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी प्रत्येक नगरात शिकवता येईल. त्याला ना निधी लागतो, ना मंजुरी.

देऊळ फिरलं ती जागा

याच जिल्ह्यात नर्सी आहे, संत नामदेवांचं गाव. याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. तिथली कथा इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. नामदेव देवळापुढे कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना हटकलं, मागे जायला लावलं. ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यांत हा प्रसंगही आहे. पुढे हेच नामदेव पंजाबात गेले, घुमानला राहिले. भाषा वेगळी, मुलूख वेगळा, आणि तिथल्या लोकांनी त्यांना इतकं आपलं मानलं, की आज पंजाबातून भाविक नर्सीला येतात.

हाकललेल्या माणसाकडे देवाने तोंड केलं, ही कथा ज्या मातीत सात शतकं सांगितली जाते, तिथे साठीच्या बाईला "हो बाजूला" म्हणणं कुणाला खटकू नये, हे मनाला लागतं. कथा सांगणाऱ्यांनी कुणाची बाजू घेतली होती, ते स्पष्ट आहे. त्यांनी पुजाऱ्याचा अधिकार मोठा मानला नाही.

औंढ्याजवळ आता गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. देशातून आणि परदेशातून शास्त्रज्ञ, अभियंते, कामगार येतील. म्हणजे पुन्हा नवी माणसं, नवी बिऱ्हाडं, नवी नगरं. पलटण आणि रिसाला बाजार जसे वसले तशी.

त्यांना इथे घर मिळेल, रस्ता मिळेल, कदाचित चोवीस तास वीजही मिळेल. पण हिंगोली त्यांची होईल की नाही, हे ठरणार आहे ते आपल्या खिडक्यांवर. म्हणून मागणं साधं आहे. प्रत्येक काउंटरपुढे दोन बाक असावेत. काम होणार नसेल तर कारण आणि वेळ सांगावी, आणि ती इस्त्रीवाल्याला जशी सांगाल तशीच धोतरवाल्याला. साठीच्या पुढच्या कुणालाही एकेरी बोलू नये. बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्याला पहिल्या महिन्यात कुणीतरी इथली बोली शिकवावी आणि नगरातल्या घरमालकाने त्याला आडनाव न विचारता खोली द्यावी. फोन करणारा परिचित असला की या गावात सगळं मिळतं, हे आपण सगळे जाणतो. फोन करायला कुणी नसलेल्या माणसालाही ते मिळायला लागेल, तेव्हाच नव्या नगरातली माणसं हिंगोलीला आपलं गाव म्हणतील.